पानिपतचा काला अंब: नसलेल्या झाडाची पार्श्वभूमी

पानिपत शहरापासून आठेक किलोमीटरवर एक जागा आहे. तिचे नाव काला अंब. नाव झाडाचे, पण तिथे झाड नाही. आहे तो विटांचा एक खांब, त्यावर लोखंडी दांडा, भोवती लोखंडी कुंपण आणि नंतर केलेली बाग. महाराष्ट्रातून गेलेला माणूस गाडीतून उतरला की आधी आंबा शोधतो, कारण लहानपणापासून त्याने नाव ऐकलेले असते ते आंब्याचे. मग कुणीतरी सांगते की ते झाड कधीच गेले.

'अंब' हा तिकडचा, पंजाबी-हरियाणवी वळणाचा शब्द. संस्कृत 'आम्र' प्राकृतात 'अंब' झाला, तो पंजाबीत तसाच राहिला आणि आपल्याकडे 'आंबा' झाला. हिंदीने मधला ब गाळून 'आम' केले. त्यामुळे 'काला अंब' हे नाव दिल्लीकरापेक्षा पुणेकराच्या कानाला जवळचे वाटते. या योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये, पण ऐकताना बरे वाटते हे खरे.

एखाद्या रणभूमीची खूण म्हणून झाडच का उरले, हा प्रश्न पानिपतात जास्त टोचतो, कारण तिथे दगडविटांच्या खुणांना तोटा नाही. याच गावाच्या आसपास तीन निर्णायक लढाया झाल्या. २१ एप्रिल १५२६ रोजी बाबराने इब्राहीम लोदीला हरवले आणि पुढच्याच वर्षी काबुली बाग मशीद उभी केली. ती आजही आहे. हरलेल्या इब्राहीम लोदीची कबरही पानिपतात आहे. शेरशाह सूरीला तिच्यावर मकबरा बांधायचा होता, ते राहून गेले. आजचा चौथरा आणि त्यावरचा उर्दू लेख ब्रिटिशांच्या काळातला, १८६६चा. दुसरी लढाई ५ नोव्हेंबर १५५६ची, हेमू आणि अकबराच्या फौजांमधली. तिसरी १४ जानेवारी १७६१ची, मराठे आणि अहमदशाह अब्दाली यांच्यातली. पहिल्या लढाईत जिंकणाऱ्याने मशीद बांधली आणि हरणाऱ्याला निदान कबर मिळाली. तिसऱ्या लढाईत जिंकणारा लुटीसह आपल्या मुलखाला निघून गेला. त्याला पानिपतात काही बांधायचे नव्हते, राहायचेही नव्हते. हरणाऱ्यांपैकी बांधण्याच्या स्थितीत रणावर कुणी उरले नाही. मग मागे राहिले गावकरी आणि त्यांच्या शिवारातले झाड.

ही लढाई पानिपतापर्यंत पोहोचली कशी, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. पण झाडाची गोष्ट कळण्यापुरते काही तपशील लागतात. १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. त्याच सुमारास सदाशिवराव भाऊ दक्षिणेत निजामाशी लढत होते. उदगीरची फत्ते फेब्रुवारीतली. तिथून मार्चमध्ये भाऊ उत्तरेकडे निघाले. नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव सोबत होते, वय सतरा-अठरा. ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली हातात आली, पण तिजोरीत खडखडाट. लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून नाणी पाडावी लागली. ऑक्टोबरात पानिपताच्या उत्तरेचे कुंजपुऱ्याचे ठाणे घेतले. तिथे धान्य मिळाले, दारूगोळा मिळाला आणि दत्ताजींच्या मृत्यूचा हिशेबही काही प्रमाणात चुकता झाला. नेमके तेव्हाच अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि तो भाऊंच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसला.

नकाशा डोळ्यांसमोर आणला तर ही मांडणी विचित्र दिसते. दक्षिणेतून आलेले मराठे उत्तरेला आणि अफगाणिस्तानातून आलेला अब्दाली दक्षिणेला. दोघांच्याही घरची वाट शत्रूच्या छावणीतून जात होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून जवळजवळ अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर खंदक खणून बसल्या. अब्दालीला त्याच्या बाजूच्या रोहिल्यांच्या मुलखातून, यमुनेपलीकडून रसद मिळत राहिली. मराठ्यांची रसद डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर तुटल्यातच जमा झाली. बळवंतराव मेहेंदळे त्याच महिन्यात एका चकमकीत पडले. छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त होते: बाजारबुणगे, व्यापारी, बायकामुले, काशी-प्रयाग पदरात पाडून घ्यावे म्हणून फौजेच्या आडोशाने निघालेले यात्रेकरू. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई छावणीत होत्या. आईला घेऊन आलेले तरुण नाना फडणीसही होते.

शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू असे ठरले. अब्दालीच्या बाजूला असलेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरच्या काशीराज पंडिताने पुढे फारसीत या लढाईची हकीकत लिहिली. तिच्यात लढाईच्या आदल्या रात्री भाऊंकडून आलेल्या चिठ्ठीचा उल्लेख आहे. प्याला काठोकाठ भरला आहे, आता एक थेंबही मावणार नाही, अशा अर्थाची ती चिठ्ठी. पहाटे फौज बाहेर पडली. पागोट्यांचे शेव सोडलेले, तोंडाला हळद फासलेली. हे सगळे परत न येण्याच्या तयारीचे.

आपल्या इतिहासकारांनी या व्यूहाला 'गोलाची लढाई' म्हटले आहे. बंदूकधारी गारदी आणि तोफा यांच्या आधाराने, न लढणाऱ्यांना पोटात घेऊन फौजेने एकसंध सरकायचे आणि यमुनेकडे वाट काढायची, असा बेत. डाव्या बाजूला इब्राहीमखान गारदी, मध्यभागी भाऊ आणि विश्वासराव यांच्यासह हुजुरात, म्हणजे पेशव्यांची खास फौज, उजवीकडे जनकोजी शिंदे, मल्हारराव होळकर. ही फळी काही मैल लांब होती. हे लक्षात ठेवायला हवे, कारण काला अंब म्हणजे पानिपतची रणभूमी असे आपण सहज बोलून जातो. रणभूमी कितीतरी पसरलेली होती. परंपरा ज्या एका जागेवर बोट ठेवते ती भाऊंची जागा आहे: भाऊ जिथे उभे होते, जिथून हुजुरातीला हाकत होते ती.

दुपारपर्यंत पारडे मराठ्यांकडे झुकले होते. गारद्यांनी रोहिल्यांची फळी कापली, हुजुरातीने अब्दालीचा वजीर शाहवलीखान याच्या तुकड्या मागे रेटल्या. पण उत्साहाच्या भरात काही सरदार बंदुकांच्या पुढे धावले आणि गोल फुटला. अब्दालीने राखून ठेवलेली ताजी फौज आणि उंटांवरची जंबुरके, म्हणजे हलक्या तोफा, आता पुढे आणली. सकाळपासून लढणारी मराठ्यांची माणसे आणि जनावरे दोन्ही उपाशी होती. दुपार कलता विश्वासरावांना गोळी लागली. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. ज्यांनी लांबून रिकामी अंबारी पाहिली त्यांना वाटले, भाऊ गेले. फौज उधळली. तास-दीड तासात सगळे संपले.

आणि इथे भाऊ दिसेनासे होतात.

पानिपतच्या झाडाची गोष्ट खरे तर या वाक्यापासून सुरू होते. विश्वासरावांचे शव सापडले. ते अब्दालीच्या छावणीत नेले गेले, ते पाहायला गर्दी लोटली, ते पेंढा भरून काबूलला न्यावे अशी मागणी अफगाण सैनिकांत झाली आणि शुजाच्या मध्यस्थीने त्याला अग्नी मिळाला. भाऊंचे काय झाले, याला इतके सरळ उत्तर नाही. काशीराज सांगतो की रणावर शीर नसलेले एक धड मिळाले, त्याच्यापाशी तीन मोती होते, अंगावरच्या खुणांवरून ते भाऊंचे ठरवले गेले आणि दहन झाले. शीर दुसऱ्या दिवशी एका स्वाराकडून मिळाले. हकीकत तपशीलवार आहे. पण पुण्यात ती सगळ्यांनी मानली नाही. पार्वतीबाईंनी कुंकू उतरवले नाही. पुढे 'मीच भाऊ' म्हणणारा तोतया उभा राहिला, त्याला मानणारे लोक मिळाले, त्याच्यामागे फौज जमली आणि १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड होईपर्यंत हे प्रकरण पेशवाईला पुरून उरले. लढाईनंतर पंधरा वर्षांनीही भाऊ जिवंत असतील असे वाटणारी माणसे होती, ही गोष्ट मला तोतयाच्या बंडापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

मृत्यूची खात्री नाही म्हटल्यावर समाधी कुठे बांधणार? मराठी माणसाची रीत अशी की वीर पडला तिथे निदान एक वीरगळ, एक चौथरा, तुळशीवृंदावन, दोन पादुका. गावोगावच्या वेशीवर त्या शिळा अजून आहेत. पानिपतात यातले काहीच शक्य नव्हते. काशीराजाने रणावरच्या प्रेतांचे बत्तीस ढीग मोजल्याचे आणि सगळे मिळून सुमारे २८,००० मृत असल्याचे लिहिले आहे. पाठलागात मारले गेलेले त्यात नाहीत. लढाईच्या दुसऱ्या दिवशीची कत्तल वेगळी. त्यातले किती कुठे जाळले, किती पुरले, किती तसेच राहिले याचा हिशेब कुणी ठेवला नाही. नानासाहेबांना बातमी कळली ती माळव्यात भेलशाच्या आसपास, सावकारी पत्रातून: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. दोन मोत्ये म्हणजे भाऊ आणि विश्वासराव. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांनी देह ठेवला. चार वर्षांपूर्वी याच तारखेला पलाशीची लढाई झाली होती, आणि तिथल्याही झाडांची एक गोष्ट आहे. तिच्याकडे येतो.

तर झाड. परंपरा असे सांगते की भाऊ ज्या जागी उभे होते त्या जागेची खूण एका मोठ्या आंब्याने राहिली. आंबाच का, याचे एक साधे कारण ऋतूत आहे. लढाई पौषातली. त्या दिवसांत हरियाणाच्या सपाट मुलखात उंच पीक नसते. गहू-मोहरी अजून गुडघ्याच्या आत-बाहेर, पानगळ होणारी झाडे विरळ झालेली, सकाळी धुके. आंबा सदाहरित. जुन्या, जून पानांनी गच्च भरलेले त्याचे डेरेदार खोड-माथे अशा मोकळ्या रानात लांबूनही काळेभोर दिसते. टेकडी नाही, ओढा नाही, मोठा खडक नाही, अशा जमिनीवर जागा सांगायची झाली तर माणूस झाडच सांगणार. 'त्या काळ्या आंब्यापाशी' हा पत्ता लढाईच्या आधीपासूनही चालत असेल.

लोककथेला इतके साधे कारण पुरत नाही. ती सांगते की त्या जागी इतके रक्त सांडले की माती त्याने भिजली, मुळांनी ते शोषले आणि झाड काळे पडले. त्याच्या कैऱ्या-आंबे कापले की आतून रक्तासारखा काळसर रस येई. ही गोष्ट पानिपतात सगळ्यांना ठाऊक आहे आणि महाराष्ट्रातही पोहोचली आहे. झाडे मातीतले रक्त रक्त म्हणून वर ओढत नाहीत, हे शाळेतल्या पोरालाही समजावता येईल. आंब्याला काळेपणा यायला निराळी कारणे पुरतात. देठाचा चीक फळावर ओघळला की साल काळी पडते. तुडतुड्यांनी पानांवर टाकलेल्या चिकट गोडसर स्रावावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते आणि सगळे झाड धुरात धरल्यासारखे दिसते. कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला हे विचारावे.

शिवाय 'काला अंब' हे नाव एकट्या पानिपतचे नाही. हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यात, नाहनच्या वाटेवर, हरियाणाच्या सीमेला लागून याच नावाचे एक गाव आहे. आज ते कारखान्यांसाठी माहीत आहे. म्हणजे गडद पानोऱ्याच्या आंब्यावरून जागेला नाव पडणे ही त्या मुलखातली नेहमीची गोष्ट. पानिपतच्या आंब्याला रंग बहुधा पानांनीच दिला. रक्ताची गोष्ट लोकांनी मागाहून त्या नावाला जोडली असावी.

पण ती का जोडली, हे सोडून देण्यासारखे नाही. लोककथा भाऊंना शोधत नाही, त्यांच्या हत्तीचे, घोड्याचे काय झाले ते सांगत नाही. ती सांगते की सांडलेले रक्त वाया गेले नाही, कुठेतरी शिरले, दिसत राहिले. ज्यांची प्रेते कुणी ओळखली नाहीत त्यांना जमिनीने ओळखले, असे काहीसे ती म्हणते. आणि ही गोष्ट रचली कुणी? पुण्या-साताऱ्याच्या शाहिराने नव्हे. ती तिथल्याच शेतकऱ्यांची आहे. त्यांच्या बापजाद्यांनी त्या हिवाळ्यात दोन्ही फौजांची लूट आणि नासधूस सोसली होती, अडीच महिने त्यांच्या विहिरी, वैरण, सरपण दोन्हीकडच्यांनी संपवले होते. मराठे त्यांचे कुणी लागत नव्हते. तरी नाव त्यांनी जपले.

झाड नेमके कधी वठले याबद्दल वेगवेगळे सांगतात. ते पडल्यावर त्याच्या लाकडाचे कोरीव दरवाजे घडवले गेले, अशी हकीकतही त्या भागात प्रसिद्ध आहे. वादळात पडलेला, वठलेला आंबा एरवी चुलीत जातो किंवा खोक्यांच्या फळ्यांना. हा दरवाजा झाला, कारण घेणाऱ्याला ते लाकूड साधे नाही हे माहीत होते. झाडाच्या जागी विटांचा खांब आला. त्याच्यावरचा लोखंडी दांडा पहिल्यांदा पाहणाऱ्याला विजेचा खांब अर्धवट राहिल्यासारखा वाटतो. कुणाला तो भाल्यासारखा दिसतो. स्मारक म्हणून तो देखणा नाही, हे कबूल करायला हरकत नसावी. पण तो मशीद नाही, मकबरा नाही, पुतळाही नाही. झाड होते तिथे एक उभी रेघ ओढून ठेवली आहे, इतकेच.

पुढे हरियाणा सरकारने पानिपतच्या लढायांच्या स्मारकासाठी राज्यपालांच्या अध्यक्षतेखाली एक संस्था नेमली. जागेची निगा, बाग, सुशोभन हे तिच्याकडे आले.

मराठ्यांची आठवण पानिपत परिसरात एवढीच नाही. गावातल्या देवी मंदिराशेजारी, मोठ्या तळ्याच्या काठी एक शिवमंदिर आहे. लढाईनंतर मागे राहिलेल्या मंगल रघुनाथ नावाच्या मराठ्याने ते बांधल्याचे मानतात. परत न गेलेला हा माणूस मला नेहमी कुतूहलाचा वाटतो. तो जखमी होता की लपला होता, की परत जाऊन कुणाला तोंड दाखवायचे हा प्रश्न पडला होता? रोहतक जिल्ह्यातल्या सांघी गावात तर भाऊ स्वतःच वाचले, संन्यासी होऊन तिथे राहिले आणि तिथेच गेले, अशी श्रद्धा आहे. हरियाणातल्या रोड समाजातले पुष्कळ लोक स्वतःला पानिपतानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. गेल्या दीड-दोन दशकांत त्यांच्या मेळाव्यांतून 'रोड मराठा' ही ओळख ठळक झाली आहे. इतिहासकारांत यावर एकमत नाही आणि वंशावळींचा वाद इथे उकरण्याचे कारणही नाही. काला अंबच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की त्या जागेला आज तिथल्या मातीतलेच वारस मिळाले आहेत. दर वर्षी १४ जानेवारीला तिथे शौर्य दिवस होतो. हरियाणातले लोक येतात आणि महाराष्ट्रातून गाड्या भरून लोक जातात.

झाडाने लढाई लक्षात ठेवण्याची रीत एकट्या पानिपताची नाही. पलाशीला २३ जून १७५७ रोजी क्लाइव्हची फौज आमराईच्या आडोशाने उभी होती. त्या आमराईचे नावच लाखबाग, लाख झाडांची म्हणून. पुढे भागीरथीने पात्र बदलले, रणभूमीचा बराच भाग नदीने गिळला आणि एकोणिसावे शतक संपण्याआधी आमराईतले शेवटचे झाडही गेले. तिथे इंग्रजांनी विजयस्तंभ उभारला. जिंकणाऱ्याची खूण दगडात आणि झाडे नदीत, हा फरक पाहण्याजोगा आहे. फ्रान्समध्ये सोमच्या रणधुमाळीत, १९१६ साली, डेल्व्हिल वुड या रानातली सगळी झाडे तोफांनी उडवली. वाचले ते एकच, हॉर्नबीम जातीचे. दक्षिण आफ्रिकेचे सैनिक तिथे मोठ्या संख्येने पडले, त्यांच्या स्मारकाच्या आवारात ते झाड अजून उभे आहे. गॅलिपोलीत १९१५च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियन सैनिक ज्या टेकाडासाठी लढले त्याला त्यांनी एका एकुलत्या पाइनवरून लोन पाइन नाव दिले. एका सैनिकाने तिथून पाइनचा शंकू घरी पाठवला, त्याच्या बियांतून वाढलेले एक रोप १९३४ मध्ये कॅनबेराच्या युद्धस्मारकापाशी लावले गेले. रणावरचे मूळ झाड तेव्हाच गेले होते, पण त्याचा वंश राहिला.

पानिपतच्या आंब्याची कोय कुणी घरी पाठवली नाही. पाठवायला कुणी परत येत होते ते जीव मुठीत धरून, रात्रीची वाट शोधत. नाना फडणीस कसेबसे निसटले, आई मात्र हाती लागली नाही. बाजीराव-मस्तानींचे पुत्र समशेरबहादूर जखमी अवस्थेत जाटांच्या मुलखापर्यंत पोहोचले आणि तिथे गेले. सुरजमल जाटाने परतणाऱ्या हजारोंना आसरा आणि अन्न दिले, ते उपकार महाराष्ट्राला अजून पुरते फेडता आलेले नाहीत. पार्वतीबाई दक्षिणेत पोहोचल्या.

महाराष्ट्रात मग या लढाईचे स्मारक झाले ते भाषेत. 'पानिपत झाले' म्हणजे धुव्वा उडाला. 'विश्वास पानिपतात गेला' ही कोटी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि ती करणाऱ्याला आपण एका अठरा वर्षांच्या पोराच्या मरणावर हसतो आहोत याची आठवण नसते. मराठीत पानिपत हे नाव न राहता नामुष्कीचा शब्द बनून राहिले. पानिपतात राहणाऱ्या माणसाला हे सांगितले की तो चक्रावतो. त्याच्या लेखी पानिपत म्हणजे विणकाम, घोंगड्या, गालिचे, तेलशुद्धीकरण कारखाना. आणि काला अंब म्हणजे मराठे जिथे लढले ती जागा. 'हरले' हा शब्द त्याच्या तोंडी पहिल्यांदा येत नाही. तिकडे भाऊ हरलेला सेनापती नाही, रणात उभा राहिलेला माणूस आहे.

या दोन आठवणींची टक्कर अलीकडे उघड झाली. १४ जानेवारी २०२५ रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस काला अंबच्या कार्यक्रमाला गेले आणि त्यानंतर दोन महिन्यांत राज्याच्या अर्थसंकल्पात पानिपतात मराठ्यांच्या शौर्याचे स्मारक उभारण्याची घोषणा झाली. लगेच प्रश्न आला की पराभवाचे स्मारक कशाला. उत्तरे आली ती शौर्याच्या भाषेत. दोन्ही बाजूंनी पानिपताकडे निकालपत्रिकेसारखे पाहिले. जिंकलो की हरलो यापेक्षा तिथे गेलेल्या हजारो माणसांसाठी आपण गेली अडीचशे वर्षे काही केले का, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. माझे मत विचाराल तर स्मारक व्हायला हवे, फक्त ते बुटके असावे. सपाट रानात लांबून दिसायला एक आंबा पुरला होता.

शेजवलकरांसारख्या अभ्यासकांनी कागदपत्रांतून ही लढाई उभी केली, तेव्हा त्यांनी झाडाच्या कथेवर विसंबून काही ठरवले नाही आणि ते योग्यच होते. त्या खांबाच्या जागीच भाऊ पडले असे म्हणायला कागद नाही. पण भाऊंच्या शेवटाबद्दल बाकीही काही निर्विवाद नाही. धड कुणाचे, शीर कुणाचे, तोतया कोण, सांघीचा संन्यासी कोण, हे वाद चालू असताना बोट ठेवता येईल अशी एकच जागा लोकांनी धरली आणि ती सोडली नाही.

संक्रांतीला जाणारे लोक तिथली माती कपाळाला लावतात, चिमूटभर कागदात बांधून घेतात. फुले वाहायची वेळ आली की नवखा माणूस क्षणभर घोटाळतो, कारण समोर मूर्ती नाही, समाधी नाही, पादुका नाहीत. मग पुढच्याचे बघून तो कुंपणाच्या आत, विटांच्या त्या खांबाच्या बुंध्याशी फुले ठेवतो.